गाणं म्हटलं म्हणून हॉस्टेलबाहेर: १९३८ चं वंदे मातरम् आणि आपला जिल्हा

आजचा एपिसोड एका गाण्यावर आहे. पण सुरुवात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपासून करतो.

मागच्या १७ सप्टेंबरची गोष्ट. आमच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप आहे, चाळीसेक जणांचा. कुणी धाराशिवातच दुकान चालवतंय, कुणी माझ्यासारखं पुण्यात बसून कोड लिहितंय. मुक्तिसंग्राम दिन होता म्हणून एकानं सकाळीच झेंडावंदनाचा व्हिडिओ टाकला, मागे ए. आर. रहमानचं 'माँ तुझे सलाम'. त्यावर दुसऱ्यानं लिहिलं, "बघू आता, कोण कोण हार्ट देतंय." रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळलं. ग्रुपमध्ये तीन मुस्लिम मित्र. त्यातल्या एकानं एक अक्षर न लिहिता ग्रुप सोडला. शाळेत तो माझ्याच बाकावर बसायचा.

मी काय केलं? काही नाही. माझी मीटिंग होती. फोन पालथा ठेवला आणि कामाला लागलो.

रात्री मात्र झोप येईना. मग या गाण्याचा इतिहास वाचायला घेतला. त्यातला एक तुकडा थेट आपल्या भागातला निघाला, आणि तो मला शाळेत कुणी नीट सांगितलाच नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. देशभक्तीच्या गाण्यावरून भांडण फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. रशियात २०२२ साली, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर काही महिन्यांत, शमन नावाच्या गायकाचं 'मी रशियन' अशा अर्थाचं पॉप गाणं आलं आणि तुफान चाललं. काहींना त्यात अभिमान दिसला, काहींना सरकारी प्रचार. गुदकोव नावाच्या विनोदी कलाकारानं त्याचं विडंबन केलं, तर त्याच्यावरही लोक तुटून पडले. म्हणजे गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, पण "तू आमच्यातला आहेस का?" हा प्रश्न त्याच्या पाठीवर बसून येतो.

आता येऊ १९३८ मध्ये. तेव्हा आपला जिल्हा ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात नव्हता, हैदराबाद संस्थानात होता. राज्य सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं. जिल्ह्याचं 'उस्मानाबाद' हे नाव त्यांच्यावरूनच. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तेही त्यांच्याच नावाचं. तिथं उच्च शिक्षण उर्दूतून मिळायचं, आणि संस्थानातल्या मराठी, तेलुगू, कन्नड मुलांना घराजवळची पदवी हवी असेल तर रस्ता तिकडूनच जायचा. संस्थानाचं स्वतःचं राज्यगीतही होतं, राजाला दीर्घायुष्य मागणारं.

१९३८ चं वर्ष तापलेलं होतं. हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच सरकारनं सप्टेंबरात तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्यात तुरुंगात गेलेल्यांपैकी एक होते स्वामी रामानंद तीर्थ. स्वामीजी मूळचे विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे, पण त्यांच्या कामाची पायाभरणी आपल्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत झाली. १९२१ ची शाळा. निजामाच्या राज्यात 'राष्ट्रीय' हा शब्द पाटीवर लिहायलाही हिंमत लागत असणार.

आणि याच हवेत, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंटरमीजिएट कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये वाद पेटला. हॉस्टेलमधली हिंदू मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणायची. अधिकाऱ्यांनी सांगितलं, हे गाणं राजकीय आहे, वादग्रस्त आहे, बंद करा. मुलं म्हणाली, ही आमची प्रार्थना आहे, बंद करणार नाही. लोण हैदराबादला उस्मानियाच्या हॉस्टेलमध्ये पोहोचलं, आणखी कॉलेजांत पसरलं. संप झाले. शेकडो मुलांना हॉस्टेलमधून आणि मग कॉलेजातून काढून टाकण्यात आलं.

जरा डोळ्यांसमोर आणा. खेड्यातून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. घरातला शिकणारा कदाचित पहिलाच. आणि एका गाण्यापायी त्याची पदवी गेली. माझं इंजिनिअरिंगचं एक सेमिस्टर अडकलं होतं तेव्हा आमच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. इथं तर सगळं शिक्षणच गेलं.

यातल्या बऱ्याच मुलांना नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. त्यांच्यात वरंगळकडचा एक तेलुगू मुलगा होता, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्येही शिकला. मराठी त्याला इतकी चांगली आली की ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यानं तेलुगूत नेली. नाव पी. व्ही. नरसिंह राव. १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान. या चळवळीतलं आणखी एक नाव रामचंद्र राव यांचं. तुरुंगात फटके मारले तेव्हा प्रत्येक फटक्याला ते 'वंदे मातरम्' म्हणत राहिले, असं सांगतात. तेव्हापासून 'वंदेमातरम्' हे त्यांच्या नावापुढे कायमचं चिकटलं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून छाती फुगते. माझीही फुगली. पण इथंच थांबलो तर अर्धीच गोष्ट होईल.

बंकिमचंद्रांचं हे गीत १८८२ च्या 'आनंदमठ' कादंबरीत आलं. पहिल्या दोन कडव्यांत जमीन आहे: पाणी, फळं, वारा, चांदणं. पुढच्या कडव्यांत देश दुर्गा होतो, लक्ष्मी होतो. एका ईश्वराखेरीज कुणाला वंदन करायचं नाही असं मानणाऱ्याला तिथं अडचण येते. हा आक्षेप कालपरवाचा नाही. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना मोहम्मद अलींनी हरकत घेतली, तरी आपल्या कुरुंदवाडच्या पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी गाणं पूर्ण केलं. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनं तोडगा काढला: जाहीर सभांत पहिली दोनच कडवी. तो काढण्याआधी रवींद्रनाथ टागोरांचा सल्ला घेतला होता, आणि याच टागोरांनी १८९६ मध्ये हे गीत काँग्रेसच्या अधिवेशनात गायलं होतं.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं यावर पुन्हा खल झाला. वंदे मातरम् बँडवर वाजवायला अवघड, असं म्हटलं गेलं. आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर जिद्दीला पेटले. बँडवर वाजेल, घोळक्याला म्हणता येईल अशी चाल त्यांनी बांधली आणि दिल्लीत ऐकवलीही. शेवटी २४ जानेवारी १९५० ला राजेंद्र प्रसादांनी संविधान सभेत जाहीर केलं: जन गण मन राष्ट्रगीत, आणि वंदे मातरम्‌ला तितकाच मान.

मध्ये १९४८ येतं. आधी रझाकारांचे अत्याचार, गावंच्या गावं पळालेली. मग १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौजा आल्या आणि पहिल्याच दिवशी आपलं नळदुर्ग घेतलं. १७ ला निजाम शरण. हे आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. भाषणात न येणारी गोष्ट अशी, की त्यानंतर मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. कितीतरी वर्षं हा अहवाल लोकांसमोर आलाच नाही. आणि त्याच ऑगस्टमध्ये, भारतात विलीन व्हा असं उघड लिहिणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या हल्ल्यात मारला गेला होता. त्याची देशभक्ती कुठल्या गाण्यानं मोजणार?

आता शेवटची गोष्ट, केरळमधली. १९८५ मध्ये यहोवाज् विटनेस पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताला शिस्तीत उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, गायची सक्ती करता येत नाही, असा तो निकाल.

१९३८ मध्ये गाणं म्हटलं म्हणून मुलं काढली, १९८५ मध्ये म्हटलं नाही म्हणून. मला ही एकाच प्रकारची चूक वाटते. औरंगाबादची ती पोरं माझ्यासाठी हिरो आहेत, कारण त्यांनी हुकूम मानला नाही. त्यांचंच गाणं घेऊन आपण दुसऱ्याची हजेरी घ्यायला लागलो, तर आपण हॉस्टेलच्या त्या वॉर्डनच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी त्या मित्राला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग विषय काढला. तो म्हणाला, "अरे, सहावीत समूहगीताच्या स्पर्धेला पहिल्या रांगेत कोण होतं, मीच ना? गाणं येतं मला. पण त्या दिवशी ग्रुपवर तू का नाही बोललास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "चुकलं माझं" एवढंच म्हणालो.

मंडळी, तुमच्या घरात, गल्लीत १९४८ पाहिलेलं कुणी असेल तर आजच मोबाईल समोर धरा आणि त्यांना बोलतं करा. ती माणसं आता फार उरलेली नाहीत. व्हॉइस नोट पाठवलीत तर पुढच्या एपिसोडमध्ये लावू, नाव नको असेल तर नाव न घेता. भेटूया पुढच्या रविवारी.