दोन द्राक्षांचें एक मद्य



पुण्यांतील सुशिक्षित घरांत मद्याचा विषय निघाला कीं चर्चा नीतीची होते, चवीची होत नाहीं. इतिहासाला दोहोंचीही दखल घ्यावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें आहे, आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशांवरून ओळखले आहेत. मद्याची ओळख भूमीवरून पटते, हा विचार आपणांस नवा नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील एका शुभ्र मद्यास हीच कसोटी लावूं. त्या खंडांत द्राक्षवेल १७८८ सालीं वसाहतवाल्यांच्या जहाजांतून आली. १८३२ सालीं जेम्स बझ्बी यानें फ्रान्स व स्पेन हिंडून जमविलेलीं शेंकडों कलमें सिडनीस पोंचलीं. पश्चिमेकडील मार्गारेट नदीच्या परिसरांत मात्र मद्यासाठीं लागवड रुजली ती १९६७ पासून. तेथें सेमियों व सोव्हिन्यों ब्लाँ या दोन फ्रेंच जातींचा संयोग करतात. रीत मूळची बोर्दो प्रांताची. हें मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. एक जात हिरव्या गवताचा गंध व आंबटपणा देते. दुसरी भरीवपणा व लिंबाची मंद चव देते.

तें आठ-दहा अंश सेंटिग्रेडपर्यंत गार करून चाखावें. त्याहून गार केल्यास गंध मुका होतो. आधीं रंग पाहावा, मग गंध घ्यावा, मग लहान घोट जिभेवर फिरवावा. तोंडास पाणी सुटलें तर आंबटपणा जिवंत आहे असें समजावें. तळलेल्या पापलेटावर लिंबू जें काम करतें, तेंच हें मद्य करतें.

हा आंबटपणा उष्णतेनें ओसरतो. मार्गारेट नदीला समुद्रवारा लाभतो. आपल्या नारायणगांवास तो नाहीं. म्हणून आपला बागाईतदार वर्षांतून दोनदां छाटणी करतो, हिवाळ्यांत फळ पोसतो व कडक उन्हाळ्यापूर्वीं उतरवितो. १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं तेथेंच फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फेसाळ शुभ्र मद्य सिद्ध करून परदेशीं धाडलें. पुढें त्यांच्या कंपनीनें ऑस्ट्रेलियांतील मद्यशाळाही घेतल्या. परंतु २००८ च्या मंदीनंतर ती कोसळली. विद्या मात्र बुडाली नाहीं. मांजरी येथें १९९७ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आजही वेलींचा अभ्यास करीत आहे.

मद्य घ्यावें कीं न घ्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु आपल्याच जिल्ह्यांतील या खटपटीचें मोल केवळ नशेच्या मापानें करणें न्यायाचें होणार नाहीं.