वालाचं बिरडं आणि कमला सोहोनी

इंद्रलोकच्या बाजारात सोललेले वाल दिसले की मला अम्मी आठवते. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि अगदी मऊ शिजवायचे. कच्चट वाल पोटाला बाधतात, हे तिचं ठाम म्हणणं. का बाधतात, हे मात्र मी शिक्षिका झाले तरी मला माहीत नव्हतं. त्याचं एक कारण 1950 च्या दशकात मुंबईतच, चर्चगेटपासून चालत जाता येईल अशा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अभ्यासलं जात होतं. अभ्यासणाऱ्या होत्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. दुर्गाबाईंवर आम्ही मराठीचे शिक्षक भरभरून बोलतो, कमलाबाईंवर कुणीच नाही.

एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात, उर्दूत खामरा. खामरा म्हणजे खमीरचा नातलग, आणि 'एन्झाइम' या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थही 'खमिरातलं' असाच. इथे मला उर्दू शब्द जास्त बोलका वाटतो. विकराच्या अंगावर एक खाच असते. तिच्यात ठराविक पदार्थच बसतो, कुलपात किल्ली बसावी तसा. ही उपमा एमिल फिशर यांनी 1894 मध्ये दिली. आपल्या स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन हे असंच विकर. डाळीतलं प्रथिन त्याच्या खाचेत बसतं, तुटतं, तुकडे बाहेर पडतात आणि खाच पुन्हा रिकामी होते.

कडधान्यांत मात्र याच खाचेत जाऊन बसणारं दुसरं प्रथिन असतं. ते सहजी तुटत नाही आणि जागाही सोडत नाही. हाच अवरोधक. जेवणातलं प्रथिन बाहेर ताटकळत राहतं आणि नीट न पचताच पुढे सरकतं. अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी 1945 मध्ये सोयाबीनमधल्या अशा अवरोधकाचे स्फटिक मिळवले. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भाज्या आणि डाळी तपासल्या, वाल आणि डबल बीमधले अवरोधक वेगळे केले. ज्या घरात मटण सणासुदीलाच शिजतं, तिथे प्रथिन म्हणजे डाळच. ते अंगी लागतं की नाही, हा त्या घरातल्या पोरांच्या वाढीचा प्रश्न होता.

या बाईंना 1933 मध्ये बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. वर्षभर अटींवर काम केलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी मिळवली. दहावीनंतर पुरे, असं घरून ऐकणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

राहिला वालाचा प्रश्न. अवरोधकाचा जोर त्याच्या घडीवर असतो. पाण्यात पुरेसा वेळ शिजवलं की ती घडी मोडते आणि तो बराचसा निकामी होतो. लेक दोन शिट्यांत कुकर उतरवायला निघाली की मी म्हणते, थांब गं, अजून एक होऊ दे.