शोध, हुडकणे आणि तपास

किल्ली सापडेनाशी झाली की बेळगावकडच्या मराठी घरात कुणी ती शोधायला लागतो, कुणी हुडकायला लागतो. तीच किल्ली चोरीला गेली असेल, तर पोलीस तिचा तपास करतात. काम एकच, शब्द तीन. आपण तिन्ही सारख्याच हक्काने वापरतो. पण ते आपल्या घरी आले तीन निरनिराळ्या वाटांनी.

‘शोध’ संस्कृतातला. त्याचा धातू ‘शुध्’, म्हणजे शुद्ध होणे. शोधन म्हणजे मुळात स्वच्छ करणे, मळ काढून टाकणे. आयुर्वेदातले शोधन आजही याच अर्थाचे आहे. पंचकर्मे त्यातच मोडतात. छापखान्यातला मुद्रितशोधकही काही हरवलेले शोधत नसतो, तो मजकुरातल्या चुका काढतो. कन्नडमध्ये ‘शोधिसु’ म्हणजे शोधणे आणि गाळणेही. धान्य पाखडले की भूस उडते आणि सुपात दाणा उरतो. नको ते दूर केले की हवे ते हाती लागते. स्वच्छ करण्यापासून शोधण्यापर्यंतचा हा अर्थाचा प्रवास असा सरळ आहे. गोव्यात कोकणीने त्याच शब्दाचे ‘सोदप’ केले.

हिंदीत मात्र ‘संशोधन’ शब्दाने जुना अर्थ धरून ठेवला. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो, ती इंदूर-ग्वाल्हेरच्या वर्तमानपत्रात ‘संविधान संशोधन’ होते. मराठीत आणि कन्नडमध्ये संशोधन म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या कामात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. जुनी दप्तरे मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले आणि मिळालेले कागद तपासून, निवडून त्यांनी छापले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

आता ‘हुडकणे’. पांढरपेशा मराठीत हा शब्द जरा गावंढळ मानला जातो. कन्नडमध्ये मात्र ‘हुडुकु’ म्हणजे शोध, आणि तो तिथला रोजचा, प्रतिष्ठित शब्द आहे. जुन्या कन्नडमधल्या शब्दांच्या आरंभीचा ‘प’ साधारण 10व्या शतकापासून हळूहळू ‘ह’ झाला: दुधाला ‘पाल्’ म्हणत, त्याचे ‘हालु’ झाले, वाघाला ‘पुलि’ म्हणत, त्याचे ‘हुलि’ झाले. ‘हुडुकु’च्या आरंभीही पूर्वी ‘प’च असावा. तसे असेल, तर आपल्या ‘हुडकणे’तला ‘ह’ हा शेजाराच्या काळाची खूण ठरतो: कन्नडमध्ये हा बदल झाल्यावरच शब्द आपल्याकडे आला असणार. बाजार, शेत, देऊळ आणि सोयरीक यांतून तो आला. कुणी हुकूम काढून आणला नाही.

‘तपास’ आणखी लांबचा. तो अरबी ‘तफह्हुस’वरून फारसीच्या वाटेने दफ्तरात आला आणि तिथून चावडीवर. बडोद्यातल्या मराठी माणसाला तो शेजारच्या गुजरातीतही याच अर्थाने भेटतो.

दुभाषी जिल्ह्यात वाढलेल्या मुलांना एक वाक्य नेहमी ऐकावे लागते: “तुमची मराठी शुद्ध नाही.” पुण्याच्या पाहुण्यासमोर ‘हुडक’ म्हटले की घरातलेच कुणी तरी डोळे वटारते. मूल गप्प बसते. पुढे त्या पाहुण्यासमोर ते मराठी बोलायचेच टाळते. भाषा अशी एकेका गप्प बसण्याने घरातून निघून जाते.

लेखनाचे नियम शिकवावेत, त्यात वाद नाही. पण ‘शुद्ध’ आणि ‘शोध’ एकाच धातूची लेकरे आहेत. ज्याला शुद्धतेचा आग्रह आहे, त्याने आधी शब्दाचा शोध घ्यावा. तो घेतला की ‘हुडकणे’ ही चूक ठरत नाही. दोन भाषा कित्येक शतके एका पाणवठ्यावर भेटल्या, याचा तो पुरावा ठरतो. मुलाने ‘हुडक’ म्हटले तर डोळे वटारण्याऐवजी त्याला ही हकीकत सांगावी.