छबिलदासची संध्याकाळ



मानपाड्याला आमच्या मंडळाच्या सभेत विषय निघाला, की पाठशाळेची खोली सहा दिवस कुलूपबंद असते, ती क्लासवाल्यांना भाड्याने द्यावी. मी म्हटले, संध्याकाळी मुलींच्या नाटुकल्यांना, स्तवनांना, चित्रकलेला दिली तर? "त्यातून जमा काय होणार?" असा प्रश्न आला. मला एकदम दादरची छबिलदास शाळा आठवली.

सुलभाताई देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलांसाठी नाटके बसवता बसवता त्या रंगभूमीवर आल्या. १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये त्यांनी बेणारेबाई केली, तीही शिक्षिकाच. १९७१ मध्ये त्यांनी, यजमान अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासह 'आविष्कार' ही संस्था काढली. शिवाजी मंदिर जवळच होते, पण नव्या धाटणीच्या नाटकाला तिथले भाडे कसे परवडावे? मग १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. ना मोठा रंगमंच, ना मखमली पडदा. नट प्रेक्षकांच्या अगदी जवळ. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांचीही नाटके तिथे झाली. लोक त्याला 'छबिलदास चळवळ' म्हणू लागले. (गल्लीतल्या बटाटेवड्याची कीर्ती मी नुसती ऐकून आहे. आपल्याकडे बटाटा कुठला चालायला!)

हे सगळे हौसेने, पदरमोड करून. काकडे यांनी तर पडद्यामागची व्यवस्था आयुष्यभर सांभाळली. मुलांसाठी 'चंद्रशाळा' निघाली, तिचे 'दुर्गा झाली गौरी' पुष्कळांना आठवत असेल. १९८७ मध्ये अरविंदराव गेले, तरी काम थांबले नाही. पुढे छबिलदासची जागा सुटली आणि संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. जागा दुसऱ्याची असली की हे व्हायचेच. आपली खोली तर आपलीच आहे, हे मला सभेत वेळेवर सुचले नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई, म्हणून पुढच्या सभेसाठी वहीत दोन रकाने आखले आहेत. एकात क्लासचे भाडे. दुसऱ्यात वीज, झाडलोट, सतरंज्या, किल्ली. किल्लीपुढे माझे नाव लिहिले आहे. झाडलोटीपुढची जागा अजून रिकामी आहे.