वऱ्हाडातील मानसिक आकस्मिक उपचार

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मानसिक व्याधीचा रुग्ण पुष्कळदा मानसोपचार विभागाच्या आधी अपघात विभागात पोहोचतो. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (रूढ नाव इर्विन) आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्था. 2002) सर्वोपचार रुग्णालय ही येथील प्रमुख शासकीय ठिकाणे. विदर्भातील प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरास आहे.

रुग्णांचे स्वरूप : कीटकनाशक प्राशन हा सर्वांत गंभीर प्रकार. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत अ‍ॅट्रोपीन देतात. गरजेनुसार कृत्रिम श्वसन लागते. शुद्ध आल्यावरही साधारण एक ते चार दिवसांत श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात. त्यामुळे ‘आता बरा आहे’ म्हणून रुग्णास घाईने घरी नेणे घातक ठरते. प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर (एमएलसी) नोंद होत असल्याने ‘फवारताना लागले’ असे सांगण्याकडे काही नातेवाइकांचा कल असतो. ते दर वेळी खोटेच मानू नये. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीनेच अनेकांचे जीव गेले. छातीत धडधड असूनही ईसीजी सामान्य येणे, झटक्यांसारखे प्रसंग, दारू एकाएकी तुटल्यावरचा भ्रम हे अन्य प्रकार.

कायदा : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 (अंमल 29 मे 2018) च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. कलम 94 अन्वये कोणताही नोंदणीकृत डॉक्टर आकस्मिक मानसिक उपचार 72 तासांपर्यंत करू शकतो. ही तरतूद अपघात विभागासाठी अधिक महत्त्वाची असली तरी चर्चा पहिलीचीच होते.

प्रकल्प : अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम राबवला गेला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले (लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री, 2017). तुलनेचा गट नसल्याने हे श्रेय सावधपणे द्यावे. 2015 पासूनच्या शासकीय ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघर चाचपणी करतात. दूरध्वनीवरून समुपदेशन : टेलि-मानस, 14416 (2022 पासून).

आकडेवारी : अमरावती विभागीय आयुक्तालय 2001 पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवते, मदतीसाठी प्रकरणे पात्र-अपात्र ठरतात. कारणांविषयी (कर्ज, नापिकी, व्यसन, आजार) मतभेद आहेत. विष घेऊन वाचलेल्यांची गणना या नोंदीत नाही. पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका मात्र त्यांनाच सर्वाधिक.

मेळघाट : तेथील पारंपरिक उपचारकांविषयी पहा ‘भुमका’.