सोबत कोण होतं

माझं माहेर त्र्यंबकेश्वरचं, घराणं तीर्थोपाध्यायांचं. यजमान ओटीवर टेकला की वडील आधी दोनच गोष्टी विचारत: आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं. मग माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेलं बाड खाली यायचं. वह्या लांबट, जुनी पानं मोडीतली, पुढची बाळबोध. वडील पान शोधून वाचायला लागत. यजमानाचे आजोबा कुठल्या शकात, कुठल्या तिथीला आले, श्राद्धाला आले की सिंहस्थाला, मागे गावी भाऊ किती, कोणाला मुलगे किती. ते ऐकताना भलेभले गप्प होत. वाचून झालं की वडील वही यजमानापुढे सरकवत आणि सांगत, आता तुमचं तुम्ही लिहा. मजकूर यजमानाच्या हातचाच हवा, असा दंडक होता. पुढे कधी त्याच्या वंशातलं कोणी आलं, तर तेच अक्षर पुरावा ठरायचं.

घरच्या प्रवासाची नोंद ठेवण्याची आपल्याकडची ही सर्वांत जुनी रीत असावी, असं मला वाटतं. हरिद्वार, गया, काशी, नाशिक, सगळीकडे ती होती. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी संस्थेनं मायक्रोफिल्मिंग केलं. तीर्थयात्रेला गेलेल्या माणसानं परतीच्या वाटेला लागण्याआधी चार ओळी लिहून ठेवायच्या: मी कोण, कुठला, कधी आलो, कशासाठी आलो. चित्र नव्हतं, पण चित्राखालचा मजकूर होता.

एका गोष्टीपाशी मात्र मी लहानपणीच अडले होते. सोबत कोण होतं, याचं उत्तर त्या वह्यांत अर्धंच मिळतं. भाऊ, पुतणे, कारभारी, कधी गडीसुद्धा नावानिशी येतात. बायका मात्र बहुतेक पानांवर एका शब्दात आटोपलेल्या: ‘कुटुंबासह’. बैलगाडीतून आठ-आठ दिवसांची वाट तुडवून आलेली, तीन दगडांच्या चुलीवर सगळ्या मंडळींना रांधून घालणारी बाई त्या एका शब्दात बसवलेली असे.

शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी ओळखीच्या घरांतले जुने अल्बम स्कॅन करून, क्रमानं लावून द्यायला लागले. या कामात फोटो पाहण्यापेक्षा फोटोची पाठ वाचण्यात जास्त वेळ जातो. आणि त्या पाठीवर मला जे सापडत गेलं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

फोटोग्राफी मुंबईत लवकर आली. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. पण ती कला बरीच वर्षं स्टुडिओतली राहिली. खुर्ची, पडदा, कुंडी आणि हलायचं नाही. प्रवास वेगळा, फोटो वेगळा. प्रवासाचं लिहायचं ते आठवणीवर. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले, त्यांनी ते सगळं लिहून काढलं १८८३ साली आणि ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली.

मध्ये पोस्टकार्ड आलं. भारतात १८७९ साली पाव आण्याचं कार्ड सुरू झालं आणि ‘येथे सुखरूप पोचलो’ हे वाक्य घरोघरी पोचू लागलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर चित्रांची कार्डं मिळू लागली. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत कार्डाच्या एका बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून खुशाली चित्राच्याच बाजूला, कडेच्या पांढऱ्या पट्टीत कोंबावी लागे. त्या वर्षी टपालखात्यानं पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करू दिले आणि मजकूर चित्रामागे गेला. कागदाच्या सोयीवर माणसाचं लिहिणं किती अवलंबून असतं, ते इथं दिसतं. पुढेही तसंच घडत गेलं.

कोडॅकनं १९०० साली एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा आणला आणि फोटो काढणं घरच्या माणसाच्या हाती आलं. पण मला त्याहून कुतूहल वाटतं ते त्यांच्या १९१४ सालच्या ऑटोग्राफिक कॅमेऱ्याचं. हेन्री गेसमन नावाच्या संशोधकाकडून कोडॅकनं ही कल्पना तीन लाख डॉलर्सना विकत घेतली. कॅमेऱ्याच्या पाठीला बारीक झडप. फोटो काढला की ती उघडायची, धातूच्या टोकदार काडीनं आतल्या कागदावर गाव आणि तारीख लिहायची, झडप क्षणभर उजेडाकडे धरायची. काडीनं दाबलेल्या रेघांतून उजेड आत शिरे आणि ते अक्षर निगेटिव्हच्या काठावर कायमचं उमटे. माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो, म्हणून जागच्या जागी लिहा, हा त्यामागचा विचार. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सोय बंद झाली. माझ्या हाताखालून गेलेल्या अल्बमांत तसा एकही फोटो नाही, आणि तो दिसावा अशी माझी फार इच्छा आहे.

आपल्या मध्यमवर्गाचा कॅमेरा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला: आग्फा क्लिक थ्री. घरचा नसे, कोणाचा तरी मागून आणलेला असे. १२० नंबरचा रोल, फोटो बारा. पुढे उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ नावाचा स्वदेशी रोलही मिळू लागला. रेल्वेच्या नोकरांना पास होतेच, केंद्र सरकारच्या इतर नोकरांनाही हळूहळू रजा-प्रवास सवलत मिळू लागली. देव आणि माहेर सोडून तिसरीकडे कुठे जायचं असतं, हे अनेक घरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. माथेरान, महाबळेश्वर, जोगचा धबधबा, म्हैसूर, कन्याकुमारी.

बारा फोटोंत सगळा प्रवास बसवायचा म्हटल्यावर जागा विचारानं निवडली जायची. कितीतरी फोटो रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीशेजारी काढलेले आहेत. पाटीवर गावाचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची. लिहायचं काम पाटीनंच केलेलं. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची, तिच्या पाट्यांपुढे तीन-तीन पिढ्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

मग रोल धुऊन यायचा आणि दुपारी, घर शांत झालं की, अल्बम लावायचं काम व्हायचं. काळे जाड कागद, त्यावर चिकटवायचे कोपरे, मध्ये बटर पेपर. काळ्या कागदावर शाई दिसत नाही म्हणून पांढरी पेन्सिल, नाहीतर टाक बुडवून पांढरा रंग. आणि मी पाहिलेल्या बहुतेक अल्बमांतलं हे अक्षर घरातल्या बाईचं आहे. फोटो काढला नवऱ्यानं, दिरानं. ओळ लिहिली तिनं.

वहीत जी ‘कुटुंबासह’ होती, तिच्या हाती लेखणी आल्यावर तिनं काय लिहिलं? सगळ्यांची नावं. ‘डावीकडून’ हा शब्द शाळेच्या आणि ऑफिसच्या ग्रूप फोटोंतून आलेला. ‘उभे’, ‘बसलेले’, ‘जमिनीवर’ हेही तिथलेच. पण पुढचा मजकूर तिचा स्वतःचा. माथेरानच्या एका फोटोखाली वाचलं होतं: ‘घोड्यावर बंडू. घोडा हलला म्हणून चेहरा आला नाही.’ जोगच्या एका फोटोखाली: ‘पाणी कमी होते. वन्संचा पितळी डबा येथेच राहिला.’ दक्षिणेतल्या एका देवळापुढे: ‘मी फोटोत नाही. मी बाळाला घेऊन सावलीत बसले होते.’ हे शेवटचं वाक्य वाचून मी स्कॅनर बंद केला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. न दिसणाऱ्या माणसानं आपण तिथं होतो, हे दोन छोट्या वाक्यांत नोंदवून ठेवलं होतं.

फोटोला काय लिहावं म्हणजे बघणारा थांबेल, असं आता मला भाचे-पुतणे विचारतात. उत्तर त्या ओळींत आहे. धबधबा सुंदर होता, हे फोटोच सांगतो. डबा राहिला, हे फोटो सांगू शकत नाही.

या ओळींवर नंतरच्या हातांनीही लिहिलं आहे. एखाद्या नावाआधी वेगळ्या शाईनं ‘कै.’ घातलेलं दिसतं. ‘माई’ लिहिलेलं असतं आणि पुढच्या पिढीतल्या कुणी कंसात तिचं खरं नाव, माहेरचं आडनाव घातलेलं असतं. वहीसारखीच ही पानंही वाढत गेली.

ती बंद पडली ती कागदामुळे. रंगीत प्रिंट्स आल्या, त्या प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदावर. त्याच्या पाठीवर शाईचं पेन चालत नाही, शाई फिसकटते आणि पुढच्या फोटोवर उमटते. मग चिकट पानांचे अल्बम आले. पान उचला, फोटो ठेवा, वर पातळ पारदर्शक कागद दाबा. लिहायला जागाच नाही. मागं काही लिहिलंच असेल तर ते डिंकाखाली गडप, आणि आज तो फोटो सोडवताना पाठीचा कागद अक्षरांसकट निघून येतो. कलर लॅबवाले छोटे, खिशांचे अल्बम भेट देऊ लागले. कॅमेऱ्यातच तारीख आली, कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत. तारीख आपोआप पडते म्हटल्यावर बाकीचंही लिहायचं थांबलं. त्या तारखांवर मी विश्वास ठेवत नाही. घड्याळ लावलेलंच नसायचं, आणि उन्हाळी सहलीच्या फोटोवर जानेवारी असायचा. याच काळात संघटित सहली वाढल्या, केसरी टूर्स १९८४ सालची. ग्रूप फोटोपुढे कंपनीचा कापडी फलक धरलेला असतो. फलकावर कंपनीचं नाव ठसठशीत, धरणाऱ्यांपैकी कोणाचंही नाव कुठेच नाही.

मोबाइल आल्यावर फोटोंची संख्या मोजण्यापलीकडे गेली. फोटो काढतानाच फाइलीच्या पोटात वेळ आणि जागा नोंदली जाते, हे खरं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की ही माहिती गळून पडते. उरतं फाइलीचं नाव, आणि त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते, तो फोनवर आल्याची असते. काकूनं लग्नातला जुना फोटो काल पाठवला तर तो कालचाच ठरतो. इन्स्टाग्राम २०१० साली आलं. तिथं एका फोटोखाली २२०० अक्षरं लिहिता येतात, काळ्या अल्बमच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त जागा. त्या जागेत आज मला काय दिसतं? डोंगर हाक मारतात अशा अर्थाचं एखादं तयार इंग्रजी वाक्य, दोन-तीन हृदयं आणि हॅशटॅग: ‘फॅमिली टाइम’, ‘विथ फॅमिली’.

म्हणजे पुन्हा ‘कुटुंबासह’. दोन पिढ्यांतल्या बायकांनी दुपारी बसून, टाक बुडवून, एकेक नाव लिहून तो शब्द उलगडला होता, तो आपण परत मिटवला. याचं मला मनापासून दुःख होतं. आज फोटोत आजी असते, ती व्हीलचेअरवरून घाट उतरलेली असते, आणि ओळीत ती नसते.

यात नव्या पिढीचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. ही मुलं वाचणारा समोर धरून लिहितात, आणि त्यांच्यासमोर आजचे चारशे ओळखीचे असतात. त्यांना आजीचं नाव ठाऊक असतं किंवा त्याची गरज नसते. वहीत लिहिणारा नातवासाठी लिहीत होता, अल्बम लावणारी लेकीसुनांसाठी. दोन्ही वाचकांसाठी एकाच ओळीत लिहिता येतं, एवढंच माझं सांगणं आहे. ‘घोडा हलला म्हणून चेहरा आला नाही’ हे वाक्य त्या वेळी घरच्यांना हसवून गेलं असेल. साठ वर्षांनी मला त्यानंच थांबवलं.

म्हणून एक विनंती आहे. या सुट्टीतले फोटो टाकाल तेव्हा गाव लिहा, तालुका लिहा, महिना आणि साल लिहा. डावीकडून सगळ्यांची नावं लिहा. बायकांची पूर्ण नावं लिहा, आणि चालत असेल तर माहेरचं आडनावही. फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा, कारण तो फोटोत नसतो. त्या दिवशी काय हरवलं, काय खाल्लं, कोण कोणावर रुसलं होतं, यातली एक गोष्ट लिहा, आणि ती तुमच्या घरच्या भाषेत लिहा. त्यातले पाच-सहा फोटो छापून घ्या आणि पाठीवर, कडेला, मऊ शिशाच्या पेन्सिलीनं तेच पुन्हा लिहा. पेन्सिल चालत नसेल अशा गुळगुळीत कागदाला वेगळी चिठ्ठी जोडा. आणि घरात जुना अल्बम असेल, त्यातली माणसं ओळखणारं कोणी अजून हयात असेल, तर हे काम दिवाळीवर ढकलू नका. या रविवारी त्यांच्याजवळ बसा, बोट ठेवून एकेकाचं नाव विचारा आणि लगेच लिहून घ्या.