एकाच वर्षातल्या दोन सभा

"आजकालच्या पोरांना राजकारणावर धड बोलता येत नाही, मोबाईलनं बिघडवलं सगळ्यांना." हे वाक्य आमच्या गोतावळ्यात वरचेवर ऐकू येतं. म्हणणारे बहुधा माझ्याच वयाचे असतात, आणि तेच सकाळी उठून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय पाठवतात ते आपण सगळे जाणतोच. असो.

मोबाईल यायच्या आधी माणसं फार समंजसपणे भांडत होती का? हे बघायला नागपूरकराला लांब जायला नको. 1920 हे एकच साल पुरे. त्या साली आपल्या गावात दोन मोठ्या सभा झाल्या, आणि दोन्हीकडे कुणीतरी मोठ्या नावाच्या विरोधात बोलायला उभं राहिलं.

पहिली सभा 30 मे ते 1 जून, म्हणजे ऐन नवतपात. अखिल भारतीय बहिष्कृत परिषद, अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा 29 वर्षांचे होते. 'मूकनायक' सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. वाद होता विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनशी. शिंदे काही साधी असामी नव्हती. आंबेडकरांपेक्षा 18 वर्षांनी मोठे, 1906 पासून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी झिजलेले. पण कायदे कौन्सिलातले अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची सूचना होती. आंबेडकरांनी तिला कडाडून विरोध केला. कौन्सिलात बहुमत सवर्णांचं, मग आमचा माणूस कोण हे त्यांनी का ठरवायचं? भाषा काही मवाळ नव्हती. पण भांडण मुद्द्यावर होतं, आणि परिषद या तरुणाच्या बाजूनं गेली.

दुसरी सभा त्याच वर्षी डिसेंबरात. काँग्रेसचं अधिवेशन, चौदा हजारांवर प्रतिनिधी. आजच्या काँग्रेसनगराचं नाव त्यावरूनच पडलं. सनदशीर मार्ग आणि साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे जुनं ध्येय बदलून 'शांततामय आणि न्याय्य मार्गांनी स्वराज्य' असं करायचा गांधीजींचा ठराव होता. त्याला विरोध करायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. त्यांनी 'मिस्टर गांधी' म्हटलं मात्र, मंडपातून ओरडा सुरू झाला, "महात्मा म्हणा, महात्मा!" मुद्दा राहिला बाजूला आणि भांडण संबोधनावर आलं. पुढे जिनांनी काँग्रेस सोडली. फाळणीचं मूळ या ओरड्यात शोधायला मी जाणार नाही, इतिहास इतका सोपा नसतो. ठराव चुकीचा होता असंही माझं म्हणणं नाही. पण 'मिस्टर' हा काही अपशब्द नव्हता. आज फेसबुकवर "साहेबांचा एकेरी उल्लेख का केला?" यावरून जी जुंपते, तिचं हे पणजोबा म्हणा हवं तर.

मला यात खरी टोचणी वेगळीच लागते. याच अधिवेशनानं असहकाराचा जो ठराव केला, त्यात 16 वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना सरकारी शाळा-कॉलेजं ताबडतोब सोडायला सांगितलं होतं. म्हणजे किंमत मोजायची होती पोरांनी. ज्यानं आपलं शिक्षण पणाला लावायचं, त्याला "थांबा, विचार करा" म्हणणारा आवाज पूर्ण ऐकायचा हक्क नको का? ऐकून घेऊनही अनेकांनी कॉलेज सोडलंच असतं. पण मग तो निर्णय सर्वस्वी त्यांचा झाला असता.

गंमत अशी की त्याच नागपुरात, त्याच दिवसांत, मतभेद मिटवायचा दुसरा नमुनाही घडला. चित्तरंजन दास असहकाराला विरोध करायला आपली माणसं घेऊन बंगालहून आले होते. गांधीजी त्यांच्याशी बोलले, दोघांनी शब्दांची घासाघीस केली, आणि शेवटी असहकाराचा ठराव मांडला तो खुद्द दासांनी. समोरासमोर बसून जे जमलं, ते मंडपात जमलं नाही, कारण तिथं बोलणाऱ्याची नजर समोरच्यापेक्षा टाळ्यांवर असते. आजचा मोबाईल म्हणजे खिशात मावणारा तोच मंडप.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की धर्मात भक्ती तारेल कदाचित, पण राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते. त्यांचं नाव घेणाऱ्यांनाही हे लागू आहे, आणि इतरांचं घेणाऱ्यांनाही.

माझा भाचा यंदा कॉलेजात गेला. "मामाजी, आमच्यात राजकारण निघालं की दोस्ती तुटते," म्हणाला. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल असा आपल्या तोंडानं सांगून बघ. आणि जे ग्रुपवर पेटतं, ते तर्री पोह्यांच्या ठेल्यावर दोघंच बसून बोला. मतं जुळतीलच असं नाही. पण आपला भिडू नेमकं काय म्हणतो, ते तरी कळेल.